क्रतूच्या पलीकडचा धूर

सप्तर्षींच्या चौकोनात पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत तिरपी रेघ ओढायची आणि ती तेवढीच पुढे न्यायची. नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. आठ इंची दुर्बीण तिकडे वळवली, की एकाच दृश्यात दोन पुसट डाग येतात. एक गोलसर, मधे उजळ, कडेकडेनं विरत गेलेला. दुसरा लांबट, फळ्यावर खडूनं ओढलेली रेघ कुणी बोटानं पुसायला गेलं आणि अर्धवट सोडून दिलं, तसा. गोलसर डाग म्हणजे मेसिए ८१. लांबट डाग म्हणजे मेसिए ८२, आणि माझा जीव जडला आहे तो या दुसऱ्यावर.

तो मी पहिल्यांदा पाहिला १ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री. शनिवार होता, अमावस्या नुकतीच होऊन गेली होती. जुन्नर तालुक्यात मित्राच्या ओळखीच्या एका शेतात आम्ही सहा जण घोंगड्या पांघरून बसलो होतो. थंडी अशी, की दुर्बिणीच्या नळीवर दव साचत होतं आणि भिंगावर श्वास पडला तर ते पुसायला पाच मिनिटं जात होती. एवढा खटाटोप एका ठिपक्यासाठी होता. अकराच दिवसांपूर्वी, २१ जानेवारीला, लंडनमधल्या विद्यापीठाच्या वेधशाळेत स्टीव्ह फॉसी नावाचे शिक्षक काही विद्यार्थ्यांना दुर्बीण कशी वापरायची ते दाखवत होते. ढग भरून येत होते, म्हणून त्यांनी घाईघाईत एक उजळ दीर्घिका निवडली. तिच्यात त्यांना नेहमी नसणारा एक तारा दिसला. एसएन २०१४जे असं त्या अतिनवताऱ्याचं नाव पडलं. आम्ही पाहिला तेव्हा तो ऐन भरात होता. त्या लांबट डागात, मधोमध नव्हे, जरा बाजूला, सुईच्या टोकाएवढा प्रकाश. बाकीचे अब्जावधी तारे मिळून एक पुसट डाग, आणि मरणारा हा एकटा स्वतंत्र दिसतोय. १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवरून.

पहाटे साडेचारच्या सुमाराला शेताच्या मालकीणबाई, काकू, गोठ्यातून आल्या. धारा काढून झाल्या होत्या. डेअरीला घालायचं दूध किटलीत भरून ठेवलं होतं, आणि आमच्या चहासाठी म्हणून एक पातेलं अंगणातल्या चुलीवर चढवलं होतं. रात्रभर ही मुलं नळीत डोळा घालून काय बघतात याचं त्यांना कुतूहल होतं, पण विचारायला संकोचत असाव्यात. मीच म्हटलं, काकू, या ना, बघा. त्यांनी पदर खोचला, एक डोळा हातानं झाकला आणि वाकल्या. कितीतरी वेळ वाकूनच राहिल्या.

"ठिपका दिसतोय," त्या म्हणाल्या. "पण बाकी समदा धूरच हाय की गं पोरी."

मी लगेच सांगितलं, "धूर नाही काकू, तारे आहेत ते. कोट्यवधी तारे."

त्या काही बोलल्या नाहीत. डोळाही काढला नाही. मग करपल्याचा वास आला. त्या धावल्या, मागोमाग मी. दूध फुगून पातेल्याच्या काठावर आलं होतं, काठ ओलांडून चहूबाजूंनी खाली उतरलं होतं, थेट विस्तवात. फस्स आवाज, पांढऱ्या वाफेचा लोट, राखेचे ओले गोळे. चूल विझली होती.

ती पहाट मी जपून ठेवली आहे. मेसिए ८२ बद्दल पुढच्या दहा वर्षांत जे जे वाचलं, ते त्या विझलेल्या चुलीपाशी येऊन थांबलं.

दीर्घिका हा शब्द मला फार आवडतो. संस्कृतात त्याचा अर्थ लांबट तळं. गॅलेक्सीला मराठीत हा शब्द कुणी योजला असेल त्यानं पाण्याचा, साठ्याचा विचार केला असणार, आणि तो विचार नेमका आहे. दीर्घिका म्हणजे आधी वायूचा साठा. तारे नंतर. बर्लिनमध्ये योहान एलर्ट बोडे यांनी ३१ डिसेंबर १७७४ ला हे जोड डाग पाहिले, आणि १७८१ मध्ये शार्ल मेसिए यांनी ते आपल्या यादीत घेतले. ती यादी धूमकेतू शोधणाऱ्यांची फसगत होऊ नये म्हणून केलेली होती; म्हणजे तेव्हा हे डाग वाटेत येणारी अडचणच होते. पुढे दीर्घिकांचे प्रकार पाडायची वेळ आली. सर्पिल, लंबवर्तुळाकार, आणि जे कशातच बसत नाही ते अनियमित. मेसिए ८२ या शेवटच्या खणात गेली. ना धड भुजा दिसत, ना धड गाभा. मधून काळ्या धुळीचे पट्टे आडवेतिडवे गेलेले. पुस्तकांतून तिच्या नावापुढे वर्षानुवर्षं 'अनियमित' असंच छापून येत राहिलं.

मग १९६३ आलं. क्लॅरेन्स लिंड्स आणि ॲलन सँडेज यांनी पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून घेतलेली या दीर्घिकेची छायाचित्रं प्रसिद्ध केली. हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशात तिच्या मध्यातून वर आणि खाली, तबकडीला काटकोनात, धाग्यांचे जुडगे निघालेले दिसत होते. हजारो प्रकाशवर्षं लांब. धाग्यांची गती मोजून त्यांनी उलटा हिशोब केला, आणि अनुमान काढलं की या दीर्घिकेच्या केंद्रात प्रचंड स्फोट झाला आहे. त्या काळात ते अगदी पटण्यासारखं होतं. क्वासार त्याच सुमाराला सापडत होते, दीर्घिकांच्या केंद्रांत काहीतरी भयंकर घडतं याची चाहूल लागलेली होती. फुटलेली दीर्घिका म्हणून मेसिए ८२ प्रसिद्ध झाली.

फुटलं काहीच नव्हतं. तिथे तारे जन्मत होते, फार वेगानं, फार दाटीवाटीनं.

तारा जन्मायला आधी थंडी लागते. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. पेटायचं म्हणजे उष्णता हवी असं आपण धरून चालतो. पण वायू गरम असला की त्याचे कण सैरावैरा धावतात, आणि गुरुत्वाकर्षण त्यांना एकत्र आवळू शकत नाही. शून्याखाली अडीचशे-दोनशेसाठ अंशांपर्यंत गारठलेला, धुळीनं झाकलेला, हायड्रोजनच्या रेणूंचा ढग असेल तरच तो स्वतःच्या भारानं खचू लागतो. खचताना तापतो, पण रेणू आणि धूळ ती उष्णता बाहेर टाकत राहतात, म्हणून खचणं चालू राहतं. शेवटी एखाद्या गाठीच्या पोटात तापमान १ कोटी अंशांपर्यंत जातं आणि हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं. आपल्या आकाशगंगेत हे काम निवांत चालतं. वर्षाला सूर्यासारखे एक-दोन तारे होतील एवढाच वायू कामी येतो. मोठं घर, भरलेली कणगी, आणि रोज मापटंभर दळण.

मेसिए ८२ आपल्या आकाशगंगेहून लहान आहे, पण तिच्या सुमारे पाचपट तेजस्वी, आणि तारे घडवण्याचा तिचा वेग दहापट. हा सगळा उद्योग तिच्या मध्यातल्या काही हजार प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात एकवटलेला. हबल दुर्बिणीनं तिथे जवळजवळ दोनशे तरुण तारकागुच्छ मोजले आहेत, आणि एकेका गुच्छात सरासरी दोन लाख सूर्यांचं वस्तुमान. कृत्तिकांचा पुंजका आपण कौतुकानं दाखवतो. त्यात हजारभर तारे आहेत. असल्या भराला खगोलज्ञ 'स्टारबर्स्ट' म्हणतात. मराठीत मी त्याला तारकाजन्माचा उमाळा म्हणते. उमाळा आतून येतो आणि आवरत नाही.

हा उमाळा कशानं आला, ते बाजूच्या गोलसर डागाला विचारायला हवं. मेसिए ८१ ही कितीतरी वजनदार सर्पिल दीर्घिका. कोट्यवधी वर्षांपूर्वी या दोघी एकमेकींच्या फार जवळून गेल्या. आजही त्यांच्यात सव्वा-दीड लाख प्रकाशवर्षांचंच अंतर आहे. दीर्घिकांच्या हिशोबात हे म्हणजे अंगणाला अंगण लागून. साध्या प्रकाशात पाहिलं तर दोघींमध्ये काळोख. पण १९९४ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या व्हेरी लार्ज ॲरे या रेडिओ दुर्बिणीनं २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर, म्हणजे थंड हायड्रोजनच्या स्वतःच्या आवाजात, त्याच जागेचं चित्र घेतलं. त्यात मेसिए ८१, मेसिए ८२ आणि तिसरी एक लहान दीर्घिका, एनजीसी ३०७७, या तिघी वायूच्या लांबलांब पदरांनी एकमेकींत गुंतलेल्या निघाल्या. हे चित्र मी छापून भिंतीवर लावलं आहे. आपल्याला वेगवेगळी दिसणारी माणसं एकाच जुन्या घटनेत अडकलेली असतात, आणि ते कुठल्यातरी वेगळ्याच प्रकाशात उमगतं, तसं वाटतं ते पाहून.

थोरलीच्या गुरुत्वाकर्षणानं धाकटीचा वायू ढवळला गेला. फिरता फिरता ज्या गतीच्या बळावर तो केंद्रापासून दूर राहिला होता ती गती त्यानं गमावली, आणि तो मध्याकडे घरंगळला. राखेखाली धुमसणाऱ्या निखाऱ्याला फुंकर बसावी तसं झालं. ताऱ्यांच्या जन्माच्या नोंदी तपासल्या तर गेल्या काळात दोन मोठे भडके दिसतात, एक साधारण १ कोटी वर्षांपूर्वीचा आणि दुसरा ५० लाख वर्षांपूर्वीचा.

आता दुधाकडे येते.

एवढे तारे एकदम जन्मले की त्यांत राक्षसी तारेही पुष्कळ असतात. सूर्याचं आयुष्य १ हजार कोटी वर्षं. सर्वांत वजनदार ताऱ्यांचं तीस-चाळीस लाख. ते जगतात तेव्हा आपल्या झोतांनी आसपासचा वायू लोटतात, आणि मरतात तेव्हा अतिनवतारा होऊन फुटतात. आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांना दिसलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ सालचा. मेसिए ८२ च्या पोटात दर दहा-वीस वर्षांनी एखादा फुटत असावा. त्यांतले बहुतेक धुळीआड झाकलेले. रेडिओ दुर्बिणींना मात्र फुटलेल्या ताऱ्यांची कवचं तिथे डझनांनी सापडली आहेत. या सगळ्या स्फोटांचा ताप एकत्र येतो. मधला वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि फुगतो. आडवं पसरावं तर तबकडीतला दाट वायू वाट अडवून बसलेला. मोकळीक फक्त वर आणि खाली. मग तो तिकडून उसळतो आणि जाताना थंड वायू, धूळ, सगळं ओढून नेतो, सेकंदाला शेकडो किलोमीटरच्या वेगानं. लिंड्स आणि सँडेज यांना दिसलेले तांबडे धागे म्हणजे हे उतू जाणं होतं.

आणि उतू गेलेलं चुलीत पडतं. पुढचे तारे ज्या थंड वायूतून व्हायचे तोच वायू या वाऱ्यानं उधळला जातो, उरतो तोही तापून निकामी होतो. जन्म जेवढे जोरात, तेवढा जन्माचा कच्चा माल लवकर हाताबाहेर. म्हणून असे उमाळे काही कोटी वर्षांहून फार टिकत नाहीत. हे वाचत होते तेव्हा माझ्या नाकात तो करपल्याचा वास आला. दूध कमी पडलं म्हणून चूल विझली नव्हती. भरलेलं पातेलं होतं, चांगला जाळ होता.

काकूंच्या शेतापासून थोड्या अंतरावर, ऊस आणि कांद्याच्या वाफ्यांपलीकडे, एक भलीमोठी जाळीची तबकडी उभी आहे. खोडदच्या दुर्बिणीची. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप हे तिचं पूर्ण नाव, आणि गोविंद स्वरूप हे तिचे शिल्पकार. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा खोडदजवळ एकत्र आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर पंचवीस किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, तिथे प्रदर्शन भरतं आणि पंचक्रोशीतल्या शाळांची पोरं रांगा लावून येतात. हायड्रोजनची जी हाक व्हेरी लार्ज ॲरेनं मेसिए ८२ भोवती ऐकली, ती ही दुर्बीणही ऐकते. २०२० मध्ये पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्रातले आदित्य चौधरी, निस्सीम कणेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी हिच्या मदतीनं ७,६५३ दूरच्या दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र केले, आणि सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या विश्वात दीर्घिकांकडे किती हायड्रोजन होता ते मोजलं. जवळजवळ ताऱ्यांच्या वस्तुमानाएवढा. आजच्या दीर्घिकांच्या मानानं ही श्रीमंतीच. पण त्या तेव्हा तारेही अशा झपाट्यानं घडवत होत्या, की एवढा साठासुद्धा एक-दोनशे कोटी वर्षांतच संपावा. बाहेरून पुरेसा वायू येईना, आणि सगळ्या विश्वातच ताऱ्यांचे जन्म मंदावत गेले. आपण त्या मंदावलेल्या काळात राहतो. मेसिए ८२ मध्ये आपल्याला त्या जुन्या भरभराटीचा जवळून दिसणारा एक नमुना मिळाला आहे, आणि ती भरभराट संपली कशी याचा हिशोब एका शेताच्या बांधापलीकडे झाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

दोन दुरुस्त्या सांगायच्या राहिल्या. पहिली त्या 'अनियमित' शिक्क्याची. २००५ मध्ये मेक्सिकोतल्या खगोलज्ञांनी अवरक्त प्रकाशात, धुळीच्या पलीकडे, मेसिए ८२ ची छायाचित्रं तपासली, आणि तिला दोन सर्पिल भुजा सापडल्या. ती आपल्याला जवळजवळ कडेनं दिसते, वर धुळीचा पडदा, त्यात मधल्या भागाचा झगमगाट. भुजा पहिल्यापासून होत्या. गोंधळ होता तो तिच्यावर ओढवलेल्या प्रसंगाचा, आणि थोडा आपल्या बघण्याच्या जागेचा. दुसरी दुरुस्ती ठिपक्याची. एसएन २०१४जे हा त्या उमाळ्यातल्या तरुण ताऱ्याचा मृत्यू नव्हता. तो एका श्वेतबटूचा, सूर्यासारख्या जुन्या ताऱ्याच्या विझत चाललेल्या गाभ्याचा स्फोट होता. त्या सगळ्या लगबगीत आम्ही थंडीत कुडकुडत ज्याला पाहायला गेलो, तो घरातला म्हातारा होता. तरुण तारे त्या पुसट डागात होते, ज्याच्याकडे आम्ही कुणी धड पाहिलंच नाही. काकूंनी पाहिलं.

आणि त्या डागाचा विचार मनात आला, की दर वेळी एक हिशोब माझ्यापुढे उभा राहतो. तो प्रकाश निघाला तेव्हा सह्याद्रीचा कातळ थंड होऊन पाच कोटी वर्षं उलटली होती आणि माणूस नावाचं काही नव्हतं. त्या प्रकाशाला शेतापर्यंत पोचायला लागली १ कोटी २० लाख वर्षं. तिथल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांचं आयुष्य तीस-चाळीस लाखांचं. मी पाहते ते थोरले तारे तर केव्हाच गेले. त्यांच्या जागी नवे आले असतील तर तेही गेले, आणि त्यांच्या मागचेही. तीन पिढ्यांचं जगणं-मरणं वाटेवरच्या त्या उजेडाला ठाऊक नाही. डोळ्यात मात्र तो ताजाच पडतो.

एप्रिल २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं घेतलेली मेसिए ८२ ची नवी छायाचित्रं आली. त्यात मध्यातून वर-खाली जाणाऱ्या वाऱ्याचे बारीक बारीक धागे इतके स्वच्छ दिसत होते की पिंजलेल्या कापसाची आठवण व्हावी. खालचा मजकूर वाचू लागले. त्या धाग्यांत चमकतात ते पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, कार्बनच्या कड्यांचे रेणू. तिथे थांबले. हे रेणू मला माहीत होते. लाकूड, गोवरी, कोळसा, डिझेल अर्धवट जळलं की जे निर्माण होतात, चुलीच्या धुरात असतात, स्वयंपाकघराच्या आढ्याला काजळी धरते तिच्यात असतात, तेच हे. समदा धूरच हाय की गं, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि मी, दोन पुस्तकं वाचलेली मुलगी, त्यांना ताबडतोब दुरुस्त करून मोकळी झाले होते.

पुढच्या वर्षी मार्चमधल्या अमावस्येला मी पुन्हा त्या शेतावर गेले. काका आता थकले आहेत, गोठ्यात दोनच गाई राहिल्या आहेत. घरात गॅस आहे, तरी चहाचं दूध काकू अंगणातल्या चुलीवरच तापवतात. पहाटे धारा काढून त्या आल्या. मी त्यांना सांगितलं, काकू, त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, तो धूरच आहे. चुलीतून निघतो त्यातलाच. माझं चुकलं.

त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् तो ठिपका?"

"तो विझला. त्याच वर्षी."

"बघू दे."

मी दुर्बीण क्रतूच्या पलीकडे वळवायला लागले. काकू चुलीपाशी वाकल्या, जळतं लाकूड मागे ओढलं, सांडशीनं पातेलं उचलून बाजूच्या विटेवर ठेवलं, आणि मग पदराला हात पुसत माझ्याकडे आल्या.